जादाचं ताट

एका गावात एक जहाज राहायचं. हो, राहायचंच! पावसाळ्याचे चार महिने ते खाडीकाठी माडाच्या झापांच्या छपराखाली गुरासारखं बांधलेलं असे. अस्सल सागवानी, दोन डोलकाठ्यांचं. सुपारी आणि मिरी घेऊन ते दूरच्या मुलखात जाई आणि खजूर घेऊन परत येई. गावात सगळे त्याला ‘मावशी’ म्हणत.

मावशीवर एक रीत होती. दुपारच्या जेवणाला, जितकी माणसं असतील त्यापेक्षा एक ताट जास्त मांडायचं. समुद्रात बुडणारा कुणी सापडला, तर त्याच्यासाठी. जहाजाच्या म्हाताऱ्या तांडेलाने, म्हणजे कप्तानाने, ही रीत तीस वर्षं पाळली. त्या ताटात कितीतरी वाचलेली माणसं जेवली.

पुढे तो तांडेल थकला आणि नवा आला. नवा हुशार होता, पण मानाचा भारी हावरा. पावसाळा संपल्यावर पलीकडच्या बंदरात जे जहाज पहिलं शिरेल, त्याच्या तांडेलाला ढोल वाजवून रेशमी फेटा बांधत. यंदाचा फेटा आपल्याच डोक्यावर हवा, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं.

मावशी गावातून निघाली. सातव्या दिवशी, जेवणं चालू असताना, समुद्रात एक उलटलेली होडी दिसली. तिला तीन माणसं बिलगली होती. ती हात हलवत होती, हाका मारत होती.

“तांडेल, जहाज वळवा!” म्हातारा आचारी ओरडला.

“वळवलं तर अर्धा दिवस फुकट जाईल,” तांडेल म्हणाला आणि त्याने तिकडे पाठ फिरवली. “मागून कुणीतरी येईल. ते घेतील त्यांना.”

तांडेलाचा हुकूम मोडणार कोण? हाका बारीक होत गेल्या, मग थांबल्या. तांडेलाला फेटा मिळाला. त्या वाटेने मागून कुणी आलंच नाही, हे बंदरात नंतर कळलं.

परतीच्या पहिल्याच दुपारी आचाऱ्याने जादाचं ताट मांडलं, तर त्यात पाणी. खारं पाणी. त्याने पुसलं, ते पुन्हा भरलं.

“लाट उडाली असेल,” तांडेल म्हणाला. “पालथं घाला ते ताट!”

समुद्र तर अगदी निपचित पडला होता. दुसऱ्या दिवशी पालथ्या ताटाभोवतीच्या फळ्यांवर ओल्या हातांचे ठसे उमटले. तीन माणसांचे. त्या दिवशी कुणीच जेवलं नाही.

तिसऱ्या दिवशी भरदुपारी धुकं उतरलं. धुक्यातून हाका येऊ लागल्या, बारीक आणि ओळखीच्या. तांडेल घाबरला. हाकांपासून दूर पळायचं म्हणून त्याने सुकाणू गरकन फिरवलं, आणि मावशी सरळ खडकावर आदळली. इतकी वर्षं समुद्र झेललेलं ते जहाज कडाडून दुभंगलं. खलाशी कसेबसे जहाजावरच्या छोट्या होडीत चढले, पण तांडेल लांब फेकला गेला. त्याच्या हाताला एक फळी तेवढी लागली.

इतक्यात धुक्यातून एक जहाज आलं. दोन डोलकाठ्यांचं, सागवानी. ती मावशीच होती! तांडेल जीव तोडून ओरडला, “वाचवा! इकडे वळा!”

जहाजाच्या कठड्याशी रेशमी फेटा बांधलेला एक माणूस उभा होता. त्याने खाली पाहिलं. चेहरा तांडेलाचा स्वतःचाच होता. मग त्या माणसाने पाठ फिरवली.

“मागून कुणीतरी येईल,” तो म्हणाला, आणि जहाज धुक्यात विरून गेलं.

तांडेलाचे हात सुटू लागले. तोच कुणीतरी त्याचं मनगट धरून त्याला वर ओढलं. तो आचारी होता. खलाशांची होडी परत आली होती.

“ते जहाज... पाहिलंत तुम्ही?” तांडेलाने विचारलं.

“कुठलं जहाज? इथे आपल्याशिवाय कुणी नाही.”

“होडी तर आधीच भरलीय. मग माझ्यासाठी का वळलात?”

“मागून येणारं कुणी नव्हतं, म्हणून,” आचारी म्हणाला.

होडीत त्याने एकच भांडं वाचवून आणलं होतं, ते जादाचं ताट. त्यात मूठभर पोहे घालून त्याने ते तांडेलापुढे ठेवलं. ताट आज कोरडं होतं. तांडेलाने हात पुढे केला, पण त्याला रडूच फुटलं.

तात्पर्य: हाक ज्याच्या कानावर पडली, धावून जाणं त्याचंच काम, ते मागून येणाऱ्यावर ढकलू नये.