आमसुलं चोखणारी राजकन्या

एका राज्यात माणसं आजारी पडत, पण बरी होत नसत आणि मरतही नसत. शापच होता तसा.

त्या राज्याची रीत अशी, की दुखण्याचं बोलणं उंबऱ्याबाहेर करावं. वैद्याने नाडी पाहावी, बाहेर येऊन थोरल्या नातलगाच्या कानात खरं सांगावं आणि रोग्याला म्हणावं, "काही नाही, जरा पित्त आहे." एका चेटकिणीची आई अशीच पित्त पित्त म्हणता गेली. चेटकीण वैद्यशाळेत शिरली, आईच्या रिकाम्या खाटेपाशी उभी राहिली आणि तिने शाप दिला. उःशापही दिला. पण सारे वैद्य रीतीप्रमाणे उंबऱ्याबाहेर कुजबुजत होते. उःशाप ऐकला तो फक्त खिडकीतल्या साळुंकीने.

राजकन्या मृणावतीच्या काळजाला वाळवी लागली होती. दिवसा काळीज झडे, रात्री तितकंच उगवे आणि उगवताना दुप्पट दुखे. तिला सांगितलं होतं, पित्त आहे. सात वर्षं ती वैद्यशाळेतल्या खाटेवर आमसुलं चोखत होती.

तिचा धाकटा भाऊ भीमकेतू. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. गुरुकुलातून तो तिसऱ्या दिवशी पळून आला होता. आधी घोड्यावर बसायचा, मग विचारायचा, जायचं कुठे.

राजवैद्य मात्रानंद म्हणाला, "युवराज, राक्षसाच्या मिशीचा केस हवा."

भीमकेतू गेला. राक्षस घोरत होता. याने केस उपटला, राक्षस शिंकला आणि त्या शिंकेसरशी भीमकेतू तीन कोस उडून थेट वैद्यशाळेच्या अंगणात पडला. केसाची राख मधातून चाटवली. राजकन्येला महिनाभर उचकी लागली.

साळुंकी म्हणाली, "विचारलंस का?"

"राजवैद्यांना विचारूनच दिलं."

"शहाणाच आहेस."

मात्रानंद म्हणाला, "आता गाणाऱ्या झाडाचं मूळ हवं."

भीमकेतूने घाईत अख्खं झाड उपटून आणलं. मूळ उगाळून पाजलं. राजकन्येच्या पोटातून रात्रंदिवस लावण्या ऐकू येऊ लागल्या. पहारेकऱ्यांनी ठेका धरला. काळीज दुखायचं ते दुखतच राहिलं.

"विचारलंस का?" साळुंकी म्हणाली.

"या खेपेला महाराजांनाही विचारलं. ते म्हणाले, वैद्य म्हणतील ते. वैद्य म्हणाले, महाराज म्हणतील ते."

"दोन शहाणे झाले."

मग मात्रानंदाने त्याला उंबऱ्याबाहेर नेलं. "युवराज, शेवटचा उपाय. नागमणी. तो उगाळून पाजला की उद्या शाप तुटला तरी राजकन्या शंभर वर्षं जगतील. फक्त डोळे उघडणार नाहीत आणि बोलणार नाहीत."

"पण जगेल ना?"

"जगतील."

भीमकेतू पाताळात उतरला, नागाशी भांडला, दोनदा डसवून घेतला आणि मणी घेऊन वर आला. सहाणेवर उगाळून चमचा भरला. तो ताईच्या ओठांपाशी नेला.

"विचारलंस का?"

"कोणाला विचारू ते तरी सांग, मेले!" भीमकेतू ओरडला.

साळुंकी म्हणाली, "खाटेवर कोण आहे?"

भीमकेतूचा हात थांबला. सात वर्षांत हे कोणाला सुचलं नव्हतं.

"ताई," तो म्हणाला, "हे घेतेस का?"

मृणावतीने डोळे उघडले. "आधी सांग, मला झालंय काय?"

मात्रानंद उंबऱ्याबाहेरून हातवारे करू लागला. भीमकेतूने त्याच्याकडे पाठ केली.

"काळजाला वाळवी लागलीय, ताई."

"म्हणजे पित्त नाही?"

"नाही."

"मग सात वर्षं मी आमसुलं कशाला चोखली रे?" ती हसली. हसता हसता उचकी लागली, पोटातली लावणी सुरू झाली, आणि ती आणखी हसली. मग म्हणाली, "चमच्यात काय आहे?"

त्याने सगळं सांगितलं. शंभर वर्षं, मिटलेले डोळे, सगळं.

"नको," ती म्हणाली. "फार दुखतं रे. ठेचा आण आणि भाकरी. मुगाच्या पाण्याला विटले मी."

"ठेच्याने मरशील!"

"ठेच्याने नाही, धांदरटा."

चमचा अजून त्याच्या हातात होता. तिच्या अंगात बळ नव्हतं. ओतला असता तर तिला थुंकताही आलं नसतं. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग चमचा, मणी आणि सहाण उचलून विहिरीत फेकली आणि स्वयंपाकघराकडे धावला.

तिने अर्धी भाकरी खाल्ली. तिखटाने दोघांच्याही डोळ्यांतून पाणी आलं. त्याने ठेचा खाल्लाच नव्हता.

"फेटा नीट बांधत जा," ती म्हणाली, आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून गेली.

शाप तुटला होता. उःशाप एवढाच होता, की रोग्याला खरं सांगावं, विचारावं आणि त्याचं ऐकावं. गावोगाव रोग्यांना विचारलं जाऊ लागलं. बरे व्हायचे ते बरे झाले, जायचे ते गेले. बरेच जण म्हणाले, आम्हाला नुसती भूक लागली होती.

भीमकेतूने कुऱ्हाड घेतली आणि वैद्यशाळेचा उंबरा फोडला. मात्रानंद आता खाटेवर बसून, रोग्याच्या डोळ्यांत बघून बोलतो. सुरुवातीला फार घाम यायचा त्याला.

भीमकेतू पुढे राजा झाला. रोज जेवताना ठेचा वाढायच्या आधी तो शेजारच्या रिकाम्या पाटाला विचारतो, "ताई, वाढू?" साळुंकी खिडकीत असते. ती काही बोलत नाही.

दुखणं ज्याचं, शब्द त्याचा. कहाणी आमची, कान तुमचा.