श्रीपतीने तोडलेली फीड

गोदाकाठच्या एका गावात श्रीपती कुलथे नावाचा गोपालक राहत होता. गोठ्यात गाई होत्या आणि जिवाला लिहिण्याचा छंद होता. गाईंचं खाणंपिणं, आजारपण, वासरांची निगा यांवर तो आपल्या संकेतस्थळावर लेख लिही. पंचक्रोशीत असं लिहिणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि ही गोष्ट त्याला फार आवडायची.

गावच्या दूध संघाचंही एक संकेतस्थळ होतं. दुधाचा दर बघायला लोक ते रोज मोबाइलवर उघडत. तिथलं ‘ताजे लेख’ हे पान श्रीपतीनेच करून दिलं होतं आणि तोच ते सांभाळायचा. आपल्या लेखांची आरएसएस फीड, म्हणजे नवे लेख आपोआप पोचवणारी जोडणी, त्याने त्या पानाला जोडली होती. त्याने स्वतःच्या संकेतस्थळावर लेख टाकला, की त्याचं शीर्षक आणि सुरुवातीच्या चार ओळी संघाच्या पानावर आपोआप उमटत. शीर्षकावर बोट ठेवलं की वाचणारा थेट श्रीपतीच्या लेखावर पोहोचे.

बाजारपेठेत इंदुमती वाघचौरे यांचं जनावरांच्या औषधांचं दुकान होतं. त्याही लिहू लागल्या, पण वाचक येईनात. एक दिवस त्या श्रीपतीकडे आल्या.

“श्रीपतभाऊ, मी लिहिते खरं, पण कुणाला पत्ताच लागत नाही. तुम्ही काय करता?”

कुणी विचारायला आलं की श्रीपतीला बरं वाटे. त्याने त्यांची फीड तयार करून दिली, संघाच्या पानाला जोडली आणि म्हणाला, “इंदुताई, आता तुम्ही नुसतं लिहा. पोचवायचं काम फीड करील.”

इंदुमतींनी ते मनावर घेतलं. वाचनालयाच्या आणि शेतकरी मंडळाच्या संकेतस्थळांनाही त्यांनी आपली फीड देऊ केली. शीर्षक तर असं द्यायच्या, की वाचणाऱ्याला ते आपल्याच गोठ्यातलं वाटावं. श्रीपती लिही, ‘गोमातेचे ऋण’. इंदुमती लिहीत, ‘गाय रवंथ करत नाही? आधी हे बघा.’ लोकांचं बोट साहजिकच इंदुमतींच्या लेखाकडे वळू लागलं.

सकाळी दूध घालायला गेलं की कुणीतरी विचारायचंच, “इंदुताईंचा लेख वाचला का?” श्रीपती हसून मान हलवी आणि घरी येईपर्यंत आतल्या आत जळत राही. त्यांचा प्रत्येक लेख तो चुका शोधण्यासाठी वाचू लागला. एकदा ऱ्हस्वदीर्घाची चूक सापडली, तेव्हा त्याची अख्खी दुपार आनंदात गेली. ती चूक दुसऱ्या कुणाच्या लक्षातच आली नाही, म्हणून संध्याकाळ वाईट गेली.

“तिला मीच शिकवलं,” तो बायकोला म्हणाला.

“मग तुम्हाला अभिमान वाटायला हवा,” भागीरथी म्हणाली.

“वाटतोच आहे!” तो खेकसला.

एके दिवशी त्याने नवा लेख टाकला. चहा पिऊन येतो तोच इंदुमतींचा लेख त्याच्या लेखाच्या डोक्यावर येऊन बसला होता. श्रीपतीने त्यांची फीड संघाच्या पानावरून काढून टाकली. ‘पान मी केलं. त्यावर काय ठेवायचं ते मीच ठरवणार,’ असं त्याने स्वतःला समजावलं.

इंदुमतींनी विचारलं, “भाऊ, संघाच्या पानावर माझं काही दिसत नाही. काही बिघडलंय का?”

“तांत्रिक अडचण आहे. बघतो,” तो म्हणाला. त्याने बघितलं नाही.

आता सगळे वाचक आपलेच, असं त्याला वाटलं होतं. झालं उलटंच. इंदुमतींसाठी येणारे लोक जाता जाता श्रीपतीलाही वाचत असत. ते आता वाचनालयाच्या पानावर जाऊ लागले. लोकांना चांगल्याची पारख उरली नाही, असं म्हणून श्रीपती आणखीच चिडला.

पुढे लाळ्या-खुरकूत या गुरांच्या साथीच्या रोगावरच्या लसीकरणाचं शिबिर ठरलं. ऐनवेळी त्याची तारीख अलीकडे आली. जनावरांच्या डॉक्टरांनी ते इंदुमतींना सांगितलं आणि त्यांनी लगेच लेख टाकला. वाचनालयाच्या आणि मंडळाच्या पानांवर तो दिसला. संघाच्या पानावर दिसला नाही. श्रीपतीने मात्र तो वाचला, कारण चुका शोधायला तो रोज त्यांच्या संकेतस्थळावर जातच होता. फीड पुन्हा जोडावी असं क्षणभर त्याच्या मनात आलं. पण मग पुन्हा तिचंच नाव होणार! ‘लोकांना कळेल कुठून तरी,’ असं म्हणून त्याने आपल्या गाई शिबिराला नेल्या आणि टोचून आणल्या. नदीपलीकडच्या वस्तीवरच्या बहिणीला फोन करावा, हे त्याला सुचलंही नाही. त्याच्या मनात फक्त इंदुमती होत्या.

महिन्याभराने साथ आली. बहिणीचा, मालनचा, निरोप येताच श्रीपती वस्तीवर धावला. गाय तोंडातून लाळ गाळत उभी होती. तिचे खूर चिघळले होते. वासरू सकाळीच गेलं होतं.

“दादा, तुझं ते संघाचं पान मी रोज बघत होते,” मालन म्हणाली. “शिबिराची तारीख बदलल्याचं त्यावर काहीच आलं नाही. तुला तरी कुठून कळणार म्हणा! कळलं असतं तर तू मला सांगितलंच असतंस.”

श्रीपती तडक इंदुमतींच्या दुकानात गेला. बहिणीची गाय आजारी आहे आणि फीड आपणच तोडली होती, हे त्याने सांगून टाकलं. इंदुमतींनी औषधाची बाटली काढून पुढे ठेवली.

“आधी हे घेऊन जा. माझं काय ते नंतर बघू.”

त्याने दुकानाच्या पायरीवर बसूनच मोबाइलवरून फीड पुन्हा जोडली. मग वस्तीवर जाऊन त्याने बहिणीलाही सगळं खरं सांगितलं. मालनने त्याच्या हातातून औषध घेतलं आणि त्याच्याकडे पाठ करून ती गाईचे खूर धुवायला बसली.

तात्पर्य: दुसऱ्याचे शब्द अडवल्याने आपले शब्द लांब जात नाहीत, आणि हेव्यापोटी अडवलेली चांगली गोष्ट ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, त्यांच्यात आपली माणसंही असतात.