इटुकली मुंगी आणि पिवळा गोल

इवलीशी मुंगी. नाव तिचं इटुकली.

घर तिचं बदामाच्या झाडाखाली. मातीत एक भोक. तेच तिचं दार.

घरात सात बहिणी. सगळ्या तिच्याहून लहान. सगळ्या भुकेल्या.

झाडासमोर अंगणवाडी. तिथली मुलं रोज अंगणातच शिकायची. लांब काडी, आखूड काडी. खरखरीत साल, गुळगुळीत खडा. चिखलाच्या भाकऱ्या थापायची. थप थप थप!

एके सकाळी इटुकलीला राजगिऱ्याचा दाणा सापडला. पांढरा पांढरा. कुणाच्या तरी लाडवातून पडलेला. तिने दाणा डोक्यावर घेतला. निघाली घरी. लुटुलुटु लुटुलुटु.

"बहिणींनो, आले गं! खाऊ आणलाय!"

घराजवळ आली. आणि थांबली.

घराभोवती एक पिवळी रेघ! गोल गोल. जाड जाड. हळदीची.

इटुकलीने एक पाय पुढे टाकला. हळद नाकात गेली.

"आक्छी!"

पडली उताणी. पुन्हा उठली. दुसऱ्या बाजूने गेली.

"आक्छी!"

तिसऱ्या बाजूने गेली. तिथेही हळद.

"आक्छी!"

आतून बहिणी ओरडल्या, "अक्का, भूक लागली! अक्का, ये ना!"

इटुकलीला रडू आलं. पण रडून दाणा घरात जातो का? नाही जात. तिने डोळे पुसले. रेघेला म्हणाली,

"रेघबाई, रेघबाई, बाजूला हो ना!
डोक्यावर दाणा, घरात बहिणी भुकेल्या.
आता मी जाऊ कशी?"

रेघ म्हणाली, "मी नाही हलणार. मला अंगणवाडीतल्या ठकूने काढलंय. तुमच्या घरावर कुणाचा पाय पडू नये म्हणून. खराटा झाडेल, तर मी जाईन."

इटुकली निघाली. लुटुलुटु लुटुलुटु.

खराटा भिंतीला टेकून उभा होता.

"खराटेबुवा, खराटेबुवा, रेघ झाडा ना!
डोक्यावर दाणा, घरात बहिणी भुकेल्या.
रेघ हलेना.
आता मी जाऊ कशी?"

खराटा म्हणाला, "मी नाही झाडणार. मला ना हात, ना पाय. गोजरमावशी उठेल, मला उचलेल, तर मी झाडीन."

इटुकली निघाली. लुटुलुटु लुटुलुटु.

गोजरमावशी चुलीपाशी बसली होती. मुलांसाठी मटकीची उसळ करत होती. रट रट रट!

"मावशी, मावशी, ऊठ ना!
डोक्यावर दाणा, घरात बहिणी भुकेल्या.
रेघ हलेना.
खराटा झाडेना.
आता मी जाऊ कशी?"

मावशी म्हणाली, "मी नाही उठणार. अंगण सकाळीच झाडलंय. आरशासारखं लख्ख! आणि माझ्या डब्यातली हळद कुणी संपवली गं? तू तर नाही ना?"

"मी नाही गं मावशी! मला हळद शिंकवते."

"बरं बरं. झाड पान सोडेल, अंगणात कचरा होईल, तर मी उठेन."

इटुकली निघाली. लुटुलुटु लुटुलुटु.

चढली बदामाच्या झाडावर. वर, वर, आणखी वर. झाडाला मोठी मोठी पानं. लाल लाल पानं. पडायला आलेली.

"झाडोबा, झाडोबा, पान सोडा ना!
डोक्यावर दाणा, घरात बहिणी भुकेल्या.
रेघ हलेना.
खराटा झाडेना.
मावशी उठेना.
आता मी जाऊ कशी?"

झाड म्हणालं, "मी नाही सोडणार. उगीच कशी सोडू? वारा वाहील, मला गुदगुल्या करील, तर मी पान सोडीन."

इटुकली निघाली. लुटुलुटु लुटुलुटु. फांदीवरून उतरली अंगणवाडीच्या कौलांवर.

वारा कौलांवर लोळत होता. डोळे मिटून. घुर्रर्र… घुर्रर्र…

"वारोबा, वारोबा, वाहा ना!
डोक्यावर दाणा, घरात बहिणी भुकेल्या.
रेघ हलेना.
खराटा झाडेना.
मावशी उठेना.
झाड पान सोडेना.
आता मी जाऊ कशी?"

वाऱ्याने एक डोळा उघडला. "मी नाही वाहणार. रोज मुलं भिरभिरी घेऊन धावतात. मी त्यांच्या मागे धावतो. आज अंगणात कुणीच नाही. एकट्याने खेळतात का? मुलं धावतील, तर मी वाहीन."

आणि मिटला डोळा. घुर्रर्र!

खरंच की! आज अंगण रिकामं. ना काडी, ना खडा, ना थप थप थप. मुलं गेली कुठे?

कौलांत एक फट होती. इटुकली फटीतून आत गेली. भिंतीवरून खाली उतरली. लुटुलुटु लुटुलुटु.

मुलं आत बसली होती. सतरंजीवर, एका ओळीत. हाताची घडी, तोंडावर बोट. स्वच्छ कपडे. चापून चोपून भांग. भिरभिरी कोपऱ्यात पडलेली.

"मुलांनो, मुलांनो, धावा ना!
डोक्यावर दाणा, घरात बहिणी भुकेल्या.
रेघ हलेना.
खराटा झाडेना.
मावशी उठेना.
झाड पान सोडेना.
वारा वाहेना.
आता मी जाऊ कशी?"

मुलं बोटाआडून कुजबुजली, "आम्ही नाही धावणार. दार लागलंय. आमचे पायसुद्धा दुखले बसून बसून. वैजूताई दार उघडेल, तर आम्ही धावू."

इटुकली निघाली. लुटुलुटु लुटुलुटु.

वैजूताई भिंतीवर तक्ता लावत होती. तक्त्यावर होता एक गोल. ताई म्हणत होती, "मोठ्या बाई विचारतील, हे काय? तुम्ही म्हणायचं, गोल!"

"ताई, ताई, दार उघड ना!
डोक्यावर दाणा, घरात बहिणी भुकेल्या.
रेघ हलेना.
खराटा झाडेना.
मावशी उठेना.
झाड पान सोडेना.
वारा वाहेना.
मुलं धावेनात.
आता मी जाऊ कशी?"

वैजूताई म्हणाली, "मी नाही उघडणार. आज मोठ्या बाई येणार, अंगणवाडी बघायला. मुलं मळली तर त्या काय म्हणतील? आणि ती रेघ ठकूने काढलीय. तुमच्यासाठीच काढलीय. ठकू सांगेल, तर मी दार उघडीन."

मग ताईने हळूच म्हटलं, "पण ठकू काही बोलत नाही गं. अंगणवाडीत आल्यापासून एक शब्द नाही बोलली."

इटुकली निघाली. लुटुलुटु लुटुलुटु. दमली होती बिचारी. पाय सहा, आणि सहाही दुखत होते.

ठकू ओळीच्या टोकाला बसली होती. इवलीशी. दोन शेंड्या. इटुकली तिच्या गुडघ्यावर चढली.

"ठकू, ठकू, बोल ना!
डोक्यावर दाणा, घरात बहिणी भुकेल्या.
रेघ हलेना.
खराटा झाडेना.
मावशी उठेना.
झाड पान सोडेना.
वारा वाहेना.
मुलं धावेनात.
ताई दार उघडेना.
आता मी जाऊ कशी?"

ठकूने मान हलवली. नाही, नाही, नाही.

तिला वाटलं, रेघ गेली तर कुणाचा तरी पाय पडेल. मुंग्यांचं घर मोडेल. किती छान काढलाय मी गोल! मूठभर हळद घेऊन. हळूहळू. मुळीच न सांडता.

इटुकली गुडघ्यावरून मनगटावर चढली. मनगटावरून तळहाताकडे निघाली.

ठकूचा तळहात पिवळा होता. अजून हळद लागलेली.

"आक्छी!"

इटुकली मागे सरकली. पुन्हा पुढे गेली.

"आक्छी!"

पुन्हा पुढे.

"आक्छी!"

या वेळी इतक्या जोरात शिंकली, की डोक्यावरचा दाणा पडला. टप्!

ठकूने दाण्याकडे बघितलं. मुंगीकडे बघितलं. आपल्या पिवळ्या हाताकडे बघितलं. मग खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर तिचा पिवळा गोल उन्हात चमकत होता. त्याला कुठेच फट नव्हती.

ठकूने तोंडावरचं बोट काढलं. त्याच हाताने दाणा उचलला. ठकू उभी राहिली.

"ताई."

सगळी मुलं वळली. फैजू म्हणाला, "आई गं! ठकू बोलली!"

"ताई, माझं चुकलं," ठकू म्हणाली. "मुंगीचं दार मीच लावलं. तिला घरी जायचंय. तू आपलं दार उघड."

वैजूताईने तक्त्याकडे बघितलं. स्वच्छ कपड्यांकडे बघितलं. मग ठकूकडे बघितलं. आणि हसली.

"एवढं छान बोलतेस, आणि मला आजवर ऐकवलं नाहीस? थांब हं."

खट्! कडी निघाली. करर्र! दार उघडलं.

ताईने दार उघडलं, मुलं धावली.
हेऽऽऽ! भिरभिरी घेऊन, भिर भिर भिर!

मुलं धावली, वारा वाहिला.
कौलांवरून घेतली उडी, सूं सूं सूं!

वारा वाहिला, झाडाने पान सोडलं. एक नाही, दोन नाही, ढीगभर.
लाल लाल पानं, सळ सळ सळ!

झाडाने पान सोडलं, मावशी उठली.
"अगं बाई! केवढा हा कचरा! आत्ताच तर झाडलं होतं!"

मावशी उठली, खराटा झाडू लागला.
खर्र खर्र खर्र!

ठकू धावली. "मावशी, हळू! मुंगीच्या घरापाशी हळू!"

मावशी म्हणाली, "म्हणजे हळद तू संपवलीस होय गं!" आणि खराटा हळू झाला. खर्र… खर्र… खर्र…

खराट्याने झाडलं, रेघ हलली. इकडची गेली, तिकडची गेली. राहिली फक्त माती.

ठकूने एक लाल पान उचलून आणलं. पानावर इटुकलीला चढवलं. पुढ्यात तिचा दाणा ठेवला, दुसऱ्या हाताने, हळद न लागलेल्या. पान नेलं अगदी दारापर्यंत.

इटुकली उतरली. पुन्हा दाणा डोक्यावर घेतला. एक पाय पुढे टाकला. थांबली. शिंक आली का?

नाही आली!

मग काय! लुटुलुटु लुटुलुटु, गेली थेट घरात.

"अक्का आली! अक्का आली!" सात बहिणी नाचल्या. सातजणींनी दाणा खाल्ला. मट्ट मट्ट मट्ट!

बाहेर ठकू अजून बसली होती. आता पाय पडला तर?

तिने एक खडा उचलला. गुळगुळीत, वाटोळा. घराजवळ ठेवला. फैजूने दुसरा आणला. मोनाने तिसरा. खड्यामागे खडा, खड्यामागे खडा. गोल होत आला. मोनाने शेवटचा खडा पुढे केला, तशी ठकू म्हणाली, "थांब! इथे नको. इथे दार."

एवढ्यात कुणीतरी म्हणालं, "काय चाललंय इथे?"

मोठ्या बाई आल्या होत्या! हातात वही, डोळ्यांवर चष्मा.

आणि मुलं? मुलांचे कपडे मळलेले. नाकाला माती. केसांत पानं. वैजूताईने पदराने फैजूचं नाक पुसलं, तर माती गालभर पसरली.

मोठ्या बाई खाली वाकल्या. "हे काय आहे?"

सगळ्यांनी ठकूकडे बघितलं.

ठकू म्हणाली, "गोल."

"असं होय! आणि इथे खडा का नाही?"

"ते दार आहे. मुंगीला घरी जायला. मी आधी ठेवलं नव्हतं. मग ठेवलं."

मोठ्या बाईंनी वही मिटली. चपला काढल्या. मातीत बसल्या.

"सरका बघू जरा. मला पण दिसू दे."

मुलं सरकली. सगळ्यांची डोकी एका जागी जमली. आणि इवल्याशा दारातून इटुकली बाहेर आली. तिच्यामागे एक बहीण. तिच्यामागे दुसरी. मग तिसरी…

"मोजा, मोजा!" मोठ्या बाई म्हणाल्या.

"एक! दोन! तीन! चार! पाच! सहा! सात!" मुलं ओरडली.

"आणि इटुकली," ठकू म्हणाली. "आठ."

मावशीने अंगणातच उसळ वाढली. उसळीचा एक दाणा गोलाच्या दारापाशी पडला. पडला की ठकूने ठेवला, ते ठकूलाच माहीत.

आता मुंग्यांचं दार उघडं. अंगणवाडीचं दारही उघडं.

दाणा गेला मुंगीच्या घरात, गोष्ट आली तुमच्या कानात!