ओंबीच्या आईची सैल गाठ

ओंबीच्या दोरीला वाक होता की नव्हता? बरीच वर्षं मला नक्की सांगता आलं नसतं. मी तेव्हा नाही म्हणालो होतो. तेव्हा खात्री होती. नंतर ती राहिली नाही. बाकीची गोष्ट मात्र आठवते. निदान आठवते असं वाटतं. ऐका.

दोन शेतांच्या मध्ये एक मातीचा बांध होता. बांधावर गवत्ये राहायचे. गवत्ये म्हणजे बोटाएवढी माणसं. डोक्यावर केसांच्या जागी गवत. मीही त्यांच्यातलाच.

गवत्यांच्या घरात एक दोरी असते. गवताची दोरी. घरात जितकी मोठी माणसं, तितक्या गाठी. ज्याची गाठ, त्यानंच मारायची. माणूस जातो. गाठ राहते.

ओंबी गवत्यांची पोर. तिच्या दोरीला आजोबांची गाठ. आजीची गाठ. बाबांची गाठ. आईची गाठ. ओंबी लहान, म्हणून तिची गाठ अजून नव्हती.

त्या वर्षी पूर आला. ओढा बांधावर चढला. आजोबा गेले. आजी गेली. बाबा गेले. आई गेली. ओंबी राहिली. आणि दोरी राहिली.

पूर ओसरला. मोडलेला बांध सगळ्यांनी पुन्हा लिंपला. लिंपता लिंपता उन्हाळा आला. मग जागा वाटायच्या ठरल्या. एका गाठीला एक हात जागा. जागा वाटणार धाटेबाबा. ते बांधाचे म्होरके. गाठी मोजणार मी. मी नुकताच शिकून आलो होतो.

मोजणीच्या सकाळी ओंबीनं दोरी धुतली. उन्हात वाळत घातली.

कावळा आला. फड् फड् फड्. दोरी उचलली. गेला.

ओंबी धाटेबाबांकडे गेली. ते म्हणाले, "ऊन डोक्यावर येईल तेव्हा मोजणी. दोरी नाही तर जागा नाही."

ओंबी रडली नाही. निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

झाडावर कावळा होता. ओंबी म्हणाली,
"कावळेदादा, कावळेदादा, दोरी दे.
दोरी नाही तर जागा नाही."

कावळा म्हणाला, "दोरीनं घरटं बांधलंय. काढली तर पिल्लं पडतील. देईन, पण आधी बाभळीची काटकी आण."

ओंबी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

माळावर बाभूळ होती. ओंबी म्हणाली,
"बाभळीबाई, बाभळीबाई, काटकी दे.
काटकी कावळ्याला, कावळा देईल दोरी.
दोरी नाही तर जागा नाही."

बाभूळ म्हणाली, "माझी मुळं वाळली ग. देईन, पण आधी ओढ्याचं पाणी आण."

ओंबी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

ओढ्यापासून जरा लांबच थांबली. ह्याच ओढ्यानं आई नेली होती. पण पाणी मागायचं तर त्याच्याकडेच. ओंबी म्हणाली,
"ओढेदादा, ओढेदादा, पाणी दे.
पाणी बाभळीला, बाभूळ देईल काटकी.
काटकी कावळ्याला, कावळा देईल दोरी.
दोरी नाही तर जागा नाही."

ओढा तिच्याकडे बघेना. म्हणाला, "पुरात एक दगड मीच वाहून आणला. आता तो मलाच आडवा आलाय. देईन, पण आधी दगडाकडून वाट आण."

ओंबी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

दगड मोठा होता. काळा होता. ओंबी म्हणाली,
"दगडोबा, दगडोबा, वाट दे.
वाट ओढ्याला, ओढा देईल पाणी.
पाणी बाभळीला, बाभूळ देईल काटकी.
काटकी कावळ्याला, कावळा देईल दोरी.
दोरी नाही तर जागा नाही."

दगड म्हणाला, "मला हात नाहीत. पाय नाहीत. देईन, पण आधी म्हशीचा धक्का आण."

ओंबी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

म्हैस चिखलात बसली होती. ओंबी म्हणाली,
"म्हशीमावशी, म्हशीमावशी, धक्का दे.
धक्का दगडाला, दगड देईल वाट.
वाट ओढ्याला, ओढा देईल पाणी.
पाणी बाभळीला, बाभूळ देईल काटकी.
काटकी कावळ्याला, कावळा देईल दोरी.
दोरी नाही तर जागा नाही."

म्हैस म्हणाली, "एवढीशी तू, आणि गाऱ्हाणं केवढं. माझं पोट रिकामं आहे. देईन, पण आधी हिरवा चारा आण."

ओंबी दमली होती. तरी निघाली. तुरु तुरु. तुरु तुरु.

एका ओल्या जागी थोडं गवत उरलं होतं. जुनं गवत, उंच. ओंबी म्हणाली,
"गवतआजी, गवतआजी, चारा दे.
चारा म्हशीला, म्हैस देईल धक्का.
धक्का दगडाला, दगड देईल वाट.
वाट ओढ्याला, ओढा देईल पाणी.
पाणी बाभळीला, बाभूळ देईल काटकी.
काटकी कावळ्याला, कावळा देईल दोरी.
दोरी नाही तर जागा नाही."

गवतआजी 'देईन, पण आधी' म्हणाली नाही. तिनं विचारलं, "तू कुणाची ग?"

"कसं सांगू? दोरी नाही."

"तोंडानं सांग."

ओंबीनं डोळे मिटले. बोटं हवेत धरली, जशी दोरीच धरली आहे.

"आजोबांची गाठ जाड. ते बांध लिंपायचे. आजीची गाठ बारीक. ती दव वेचायची. बाबांची गाठ घट्ट. ते सगळंच घट्ट बांधायचे, माझ्या डोक्यावरचं गवतसुद्धा. आईची गाठ सैल. तिच्या एका हातात मी होते. एकाच हातानं गाठ मारली."

"आणि डोळे का मिटलेस?"

"आई म्हणायची, गाठी बोटांनी मोजायच्या. डोळ्यांना नुसती गाठ दिसते. बोटांना वाकसुद्धा लागतो."

गवतआजी हलली. सळसळ, सळसळ. म्हणाली, "ती दोरी माझ्याच गवताची आहे. घे चारा. मी पुन्हा उगवेन. माणसं उगवत नाहीत."

गवतानं दिला चारा. खसखस.
म्हशीनं दिला धक्का. धाड्.
दगडानं दिली वाट. गडगड.
ओढ्यानं दिलं पाणी. खळखळ.
बाभळीनं दिली काटकी. कट्.

ओंबीनं काटकी डोक्यावर घेतली. काटा टोचला. तशीच पळाली.

कावळ्यानं काटकी घरट्यात खोवली. मग दोरी ओढली. सर्रर्र. जाड गाठ राहिली. बारीक गाठ राहिली. घट्ट गाठ राहिली. सैल गाठ सुटली.

कावळ्यानं दिली दोरी.

ओंबी पळत आली. ऊन डोक्यावर होतं. धाटेबाबा बसले होते. शेजारी मी. ओंबीनं दोरी माझ्या हातात दिली. मी मोजली.

"तीन," मी म्हणालो.

"चार आहेत, काका. आईची कावळ्यानं ओढली. सुटली."

"मग पुन्हा मार," मागून कुणीतरी हसून म्हणालं. ओंबीनं मान हलवली. ज्याची गाठ, त्यानंच मारायची.

धाटेबाबा वाईट नव्हते. ते मला म्हणाले, "गाठ सुटली तरी गवतात वाक राहतो. वाक असेल तर गाठ धरू. बघ रे."

मी दोरी उन्हात धरली. उलटी केली. सुलटी केली. दोरी मला सरळ दिसली. मी म्हणालो, वाक नाही.

ओंबीनं माझी बाही धरली. "काका, डोळे मिटून मोजा."

मी हसलो. डोळे मिटून कुणी मोजतं का, असं काहीतरी बोललो. लोकही हसले. मी शिकलेला होतो, म्हणून हसले.

धाटेबाबांनी हातानं जमीन मोजली. एक हात. दोन हात. तीन हात. म्हणाले, "लहान आहेस, मावशील."

ओंबीला तिची जागा मिळाली. तीन हात. ती मावली. तेव्हा मावली.

मग ओंबी मोठी झाली. मोठ्या माणसाला निजायला साडेतीन हात लागतात. चार असले तर कूस बदलता येते. पण जागा एकदाच वाटतात. ओंबी पाय पोटाशी घेऊन निजायला लागली. अजून तशीच निजते.

मी म्हातारा झालो. माझी नजर गेली. एक दिवस चाचपडत तिच्या दाराशी गेलो. म्हणालो, "ओंबी, दोरी दे."

तिनं दिली.

मला आता डोळे मिटायची गरज नव्हती. मी दोरीवरून बोट फिरवलं. जाड गाठ. बारीक गाठ. घट्ट गाठ. मग बोट अडलं. मग शेवटी एक नवी गाठ, ओंबीची. मधली जागा तिनं तशीच ठेवली होती.

मी पुन्हा बोट फिरवलं. पुन्हा तिथेच अडलं.

वाक होता.