भिकूशेटच्या दुकानाचे दार

एकदा एका घाटाच्या पायथ्याच्या गावाने नवा रस्ता बांधायचे ठरवले. घाट उतरून येणाऱ्या गाड्यांना नदीवरच्या होडीपर्यंत जायचे तर भर बाजारातून वाट काढावी लागे, आणि त्यात त्यांचा अर्धा दिवस मोडे. पंचांनी हे काम पद्मनाभ आचार्यांकडे सोपवले. रस्ते बांधण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. आता गुडघे साथ देत नव्हते, म्हणून त्यांनी आपला शिष्य यशोधर याला पुढे केले.

यशोधर तिशीतला, कामाला वाघ, स्वभावाने थोडा अभिमानी. वर्षभर उन्हात उभे राहून त्याने गावाबाहेरून सरळ, दगडी रस्ता नेला. त्याच उत्साहात गावातली वाकडीतिकडी कुंभारगल्लीही सरळ केली. न्याहारीच्या वेळी घाटातून निघालेली पहिली गाडी ऊन चढायच्या आत होडीशी पोहोचली, तेव्हा आनंदाने त्याला जेवणसुद्धा सुचले नाही.

पुढे भिकूशेट नावाच्या कापडवाल्याने नव्या रस्त्यालगत दुकान थाटले. दार थेट रस्त्यावर. त्याचे बस्तान बसलेले पाहून गूळवाला आला, मग लोहार, मग खानावळ. वर्षभरात चाळीस दारे झाली. गाड्या मध्येच थांबू लागल्या, बैल रस्त्यातच सोडले जाऊ लागले. घाईतले गाडीवान मग कुंभारगल्लीतून गाड्या पिटाळू लागले, आणि तिथल्या बायांना अंगणाबाहेर मडकी वाळत घालणे मुश्कील झाले. एके सकाळी गूळ घेऊन दुकानातून बाहेर पडणाऱ्या गोदाक्का कुंभारणीला एका घोडागाडीने उडवले. जीव वाचला, पण पाय मोडला.

पंच म्हणाले, “रस्ता अपुरा पडतोय. दुप्पट रुंद करा.” यशोधरने तसा नकाशाही काढला.

आचार्य मात्र आधी त्याला घेऊन गोदाक्काकडे गेले. ती पायाला फळ्या बांधून ओसरीवर बसली होती.

“त्या गाडीवानाला बोल लावू नका, बाबा,” ती म्हणाली. “तो पळायच्या रस्त्यावर पळत होता. मी आपली दुकानाची पायरी उतरले. चुकलं कुणाचं, मला तर सांगता येत नाही.”

परत येताना आचार्य म्हणाले, “रस्ता हातभरही रुंद करायचा नाही. त्या चाळीस दारांपुढे कमरेएवढी भिंत घाल. दुकानांच्या मागून लहानसा रस्ता काढ आणि तो मोठ्या रस्त्याला दोनच ठिकाणी जोड. आणि कुंभारगल्लीच्या ऐन मध्यावर एक पार बांध.”

यशोधर थबकला. “गुरुजी, मोठ्या रस्त्यावर आपण दारे बुजवता आणि गल्लीत वाट अडवता. वर्षभराचे माझे काम आपण पुसून टाकता आहात.”

“बांधून तर पाहा,” एवढेच आचार्य म्हणाले.

यशोधरने मन मारून काम केले. भिंत पुरी झाली त्या दिवशी भिकूशेट तणतणत आचार्यांच्या अंगणात आला. “माझं दुकान तुम्ही भिंतीआड टाकलंत. आता गिऱ्हाईक काय भिंत चढून येणार?”

आचार्यांनी त्याला बसायला पाट दिला, यशोधरलाही बोलावले. म्हणाले, “शेटजी, रस्त्यावर येणाऱ्या कोणाला लवकर पोहोचायचे असते, तर कोणाला दारात उतरायचे असते. दोन्ही इच्छा रास्त आहेत. पण जितकी दारे अधिक, तितके थांबणारे अधिक; आणि थांबणाऱ्यांच्या गर्दीत धावणारा घातक ठरतो. रस्ता दुप्पट केला असता तर तुम्ही आणखी चाळीस दारे उघडली असती. म्हणून मोठा रस्ता धावणाऱ्यांना दिला. गल्ली घरांची आहे. तिथे गाडीने माणसाच्या चालीने चालावे, म्हणून पार. आणि धावता धावता कोणी एकदम थांबू शकत नाही, त्याला आधी सावकाश व्हावे लागते. त्यासाठी तुमच्या मागचा रस्ता. यशोधर, तुझ्या कामात खोट नव्हती. त्या एका रस्त्याकडून आपण सगळ्यांची कामे करून घेत होतो.”

भिकूशेट कुरकुरतच गेला. पण दुसऱ्या दिवसापासून त्याने दुकान उलटे फिरवायला घेतले. गादी इकडची तिकडे गेली, देवाचा कोनाडाही मागच्या भिंतीत नव्याने कोरला. महिनाभराने तोच पंचांना सांगत होता, “पूर्वी लोक दुकानासमोरून भुर्रकन निघून जायचे. आता सावकाश येतात, बैल सोडतात, दोन कापडं उलगडून बघतात.” कुंभारगल्लीत पुन्हा मडकी वाळू लागली, आणि घाटातल्या गाड्या पुन्हा ऊन चढायच्या आत होडीशी जाऊ लागल्या.

पुढच्या वर्षी नदीपलीकडच्या गावाचे पंच रस्ता मागायला आले. आचार्यांनी यशोधरकडे बोट दाखवले.

“किती रुंद बांधाल?” पंचांनी विचारले.

“रुंदीचे नंतर पाहू,” यशोधर म्हणाला. “त्या रस्त्यावर थांबायचे कोणाकोणाला आहे, ते आधी सांगा.”

आचार्यांनी आपले अंग जरा सरकवले आणि सतरंजीवर यशोधरला आपल्या शेजारी जागा करून दिली.