राजाची मोठी चाकं आणि पाहुण्याचा आहेर

"मागची चाकं अजून मोठी करा!" सोनखळचे गजेंद्रराजे गरजले. "मैदानात त्यांच्याहून मोठं चाक दिसता कामा नये. चाकांवर माझं नाव कोरा. आणि वाघजाळीच्या राजाला हरवा!"

मोटार हाकणारा शिदू डायवर हात जोडून उभा होता. दोन्ही राजांच्या मोटारी एकाच जहाजातनं उतरलेल्या, एकाच मापाच्या. पण आपले राजे दरसाल मागची चाकं वाढवायचे, अन् दरसाल हरायचे! पहिल्या साली हातभरानं हरले. दुसऱ्या साली दहा हातांनी. गेल्या साली तर वाघजाळीवाल्यांचं पान खाऊन झालं, तोंड पुसून झालं, तवा कुठं ह्यांची मोटार डुलत डुलत आली!

"सरकार," शिदू चाचरत म्हणाला, "चाकं मोठी झाली म्हणूनच तर..."

"गप!" दिवाण मध्येच कडाडला. ह्या दिवाणानं जन्मात मोटारीला हात लावला नव्हता, पण अक्कल सगळ्यात जास्त त्यालाच. "हत्तीचा पाय केवढा, उंदराचा केवढा? मोठ्या राजाला मोठंच चाक शोभतं!"

"वा दिवाणजी!" राजे खूश! मग शिदूकडं वळले. "शिद्या, आता हरलास तर तुला बैलासारखा मोटारीला जुंपीन अन् गावभर फिरवीन!"

साठीचा म्हातारा. घरी येऊन उंबऱ्यावरच बसला. भाकरी समोर तशीच.

त्याची लेक गोजरा. लोहाराघरी दिलेली. गाडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवायला नवऱ्यापेक्षा हिचाच हात चांगला. माहेरपणाला आली होती. तिनं सगळं ऐकलं अन् फिदीफिदी हसत सुटली.

"हसतीस काय गं? बाप बैल व्हायला निघालाय!"

"आबा, शर्यत केवढी लांब?"

"चारशे पावलं."

"अन् मोठं चाक वेग घेईस्तोवर?"

"तीनशे गेलीच की."

"मग! आपल्या विहिरीचा रहाट बघा. दोर गुंडाळायचा कणा जाड केला तर एका फेऱ्यात दोर लई येतोय, पण फिरवताना हात भरून येतात. बारीक कण्यावर घागर कशी झटकन वर निघतीय! तुमच्या इंजिनाचं तसंच. बारकी चाकं घाला, पण रुंद घाला. हवा जरा कमी ठेवा, म्हंजे जमिनीला धरून राहतील, जागच्या जागी गरगरायची नाहीत."

"अक्कल तुलाच हाय व्हय? मलाबी कळतंय ते! पर हुकूम?"

"पाळायचा की! आबा, शर्यतीआधी पाहुण्या राजाला बलुतेदारांचा आहेर असतोय ना?"

"असतोय. फेटा नाहीतर घोंगडी. दिलेलं तिथल्या तिथं अंगावर घालायचं, नाहीतर गावाचा अपमान."

"अन् दिलेलं परत मागता येतंय?"

"छ्या! आहेर कोण परत मागतंय?"

"झालं तर मग," गोजरा म्हणाली. "जेवा आता."

गोजरानं बलुतेदारांच्या कानात आपला बेत घातला अन् दुसऱ्या दिवसापासनं सुताराकडं ठाकठोक सुरू झाली. चाकं झाली ती पुरुषभर उंचीची! वर रबर, आऱ्यांवर पितळी अक्षरात राजांचं नाव. दिवाण येऊन बघून गेला, मान डोलावून गेला. आडोशाला गोजरानं तयार ठेवलेली बारकी, रुंद चाकं मात्र त्याला दिसली नाहीत.

शर्यतीच्या दिवशी मांडवात राजे ऐटीत बसले. शेजारी वाघजाळीचे राजे, मिशीला पीळ देत. आहेराची वेळ झाली. वाजंत्री वाजली अन् आठ माणसं ती चाकं ढकलत घेऊन आली. गोजरानं पदर सावरला अन् पाहुण्याला मुजरा केला.

"सरकार, हा सोनखळच्या बलुतेदारांचा आहेर! आजच्या आजच चढवायचा!"

गजेंद्रराजांचं तोंड वांग्यासारखं झालं! पण दिलेला आहेर चारचौघात परत कसा मागायचा? अन् पाहुणे तर चाकं बघून असे फुलले, जणू दुसरं लगीनच ठरलंय.

"वा! आता आमची चाकं मोठी!" ते म्हणाले. "गजेंद्रराजे, तुमची कुठायत? ती बारकी भाकरीएवढी?"

त्यांचा डायवर कानाशी काहीतरी पुटपुटला, तर त्यालाच डाफरले.

"पोरी," आपले राजे दात खाऊन म्हणाले, "हरलो तर बापाबरोबर तुलाही जुंपीन!"

"जुंपा की सरकार. पर आधी बघा तरी."

चाकं चढली. वाघजाळीची मोटार बूड वर अन् नाक खाली करून उभी राहिली, जशी काय वाटेत पडलेला पैसाच शोधतीय. बार उडाला! शिदूची मोटार जी सुसाट सुटली, ती मांडवावर धुरळा उडवूनच! अन् पाहुण्यांची? घुर्र... घुर्र... म्हशीला डोहातनं उठवावं तशी हलली. शंभर पावलं झाली नाहीत तोवर शिदू पलीकडं पोचून उतरला अन् धोतर झटकत उभा राहिला!

लोकांनी आरोळी ठोकली. राजे उठले, नाचायला पाय उचलला, अन् मध्येच थबकले.

"पण पोरी, माझा हुकूम मोडलास! मोठी चाकं कुठायत?"

"ती काय, सरकार!" गोजरानं बोट दाखवलं. "मैदानात त्यांच्याहून मोठं चाक दिसतंय का? न्हाई. नाव कुणाचं? तुमचंच! हुकमात समदं होतं बघा. फक्त ती कुणाच्या मोटारीला लावायची तेवढं सांगायचं राहिलं, म्हणून म्हटलं, ओझं पाहुण्यांनाच ओढू द्या!"

राजे असे हसले की फेटा सुटून गळ्यात आला! गळ्यातली सोन्याची कंठी काढून त्यांनी गोजराच्या हातावर ठेवली.

"शिदू, आजपासनं मोटारखाना तुझा! चाक कुठलं घालायचं ते तुझी लेक सांगेल. आणि दिवाणजी, कोपऱ्यात लपू नका, तुम्हालाही काम आहे! इतकी वर्षं मला फुगवलंत ना? आता पंप घ्या अन् टायर फुगवा!"