नगारचिणीचं आसन

फार जुनी गोष्ट. किती जुनी म्हणाल, तर तेव्हा एका राज्यात राजाखेरीज कुणालाच जमिनीपेक्षा उंच बसता येत नसे. प्रधान सतरंजीवर, शेतकरी सारवलेल्या भुईवर. पाट, बाज, चौरंग, सगळ्याला बंदी. राजाच्या पणजोबांनी नियम केला होता. का केला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारतंय कोण?

त्या राज्यात गडाच्या दरवाजावर नगारा वाजवणारा एक म्हातारा नगारची होता. नगारा जुना झाला, त्याचं चामडं फाटलं, तेव्हा राजानं नवा आणवला आणि जुन्याचं तांब्याचं भांडं म्हाताऱ्याला देऊन टाकलं.

म्हाताऱ्याच्या बायकोचे गुडघे धरले होते. खाली बसली की तिला उठवेना. बिचारी भिंतीला टेकून उभ्यानंच भाकरी खाई. ते बघून म्हाताऱ्याचा जीव तुटायचा.

एके दिवशी त्यानं त्या भांड्यावर नवं चामडं चढवलं, खाली लाकडाची भक्कम तिवई बसवली आणि म्हणाला, "बस."

"अहो, काहीतरीच काय? शिपाई बघतील."

"बघू देत. गुडघे तुझे दुखतात, शिपायांचे नाही."

ती बसली. कितीतरी महिन्यांनी बसून जेवली, आणि म्हातारा आपलं जेवण विसरून तिच्याकडं बघत राहिला.

गावात गोष्ट लपते होय? आठच दिवसांत शेजारणीनं कोतवालाचे कान भरले. म्हातारा, म्हातारी आणि ते आसन, तिघंही दरबारात हजर. उंच बसणाऱ्याला शिक्षा ठरलेली होती, राज्याबाहेर चालतं व्हायचं. तसल्या गुडघ्यांनी म्हातारी कुठवर चालणार?

"हे आसन तू बनवलंस?" राजानं विचारलं.

"आसन कसलं महाराज, नगारा आहे. नगाऱ्याला कुठं बंदी आहे?"

"असं? मग वाजव. वाजला तर सोडून देतो."

दरबार फिदीफिदी हसला. बसून बसून चामडं सैल झालं होतं. त्यानं शेगडी मागितली, चामडं शेकलं, बोटांनी चाचपलं, पुन्हा शेकलं. मग टिपऱ्या उचलल्या.

नगारा असा घुमला की तबेल्यातले घोडे खिंकाळले. आता, नगारा समोर वाजला की लहानथोरांनी उभं राहायचं, हाही त्या राज्याचा नियमच. दरबार उठला. राजाही सिंहासनावरून उठला.

एकट्या राजमाता उठल्या नाहीत. दोन्ही हात भुईला टेकून त्या धडपडत होत्या. रोज त्या सगळ्यांआधी येऊन बसत आणि सगळे गेल्यावर दासींच्या आधारानं उठत. लेकानं आईला उठताना कधी पाहिलंच नव्हतं.

राजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो धावत खाली आला. त्यानं आईला उचललं आणि त्या नगाऱ्यावर बसवलं.

"हा नियम कुणाचा रे, बाळ?" राजमातेनं विचारलं.

"पणजोबांचा, आईसाहेब."

"त्यांचे गुडघे चांगले असतील."

नियम तिथंच मोडीत निघाला. राजमातेसाठी चौरंग आला. आणि म्हातारी? ती आपल्या आसनावर बसूनच घरी निघाली, चार भोयांच्या खांद्यावर, भर बाजारातून, शेजारणीच्या दारावरून. त्या संध्याकाळी राज्यातल्या घराघरांत म्हाताऱ्या माणसांसाठी पाट ठोकले जात होते.

मोठेपण उंच बसण्यात नसतं, थकलेल्याला बसायला देण्यात असतं.